मागच्या सीटवर बसलेल्याने माफ करावं का?

प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजपासूनचे चार मित्र. डिसेंबरात एकाच्या मामांच्या शेतावर पार्टी झाली. रात्री परतताना ज्याची गाडी तोच चालवत होता, आणि तो प्यायलेला होता. एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटून घरी निघालेल्या एका कामगाराच्या मोटारसायकलला धडक बसली. गाडी थांबली नाही. मागे बसलेल्यांपैकी एकाने पुढे गेल्यावर १०८ ला फोन केला, नाव सांगितलं नाही. दवाखान्यात पोचायच्या आत माणूस गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी शेतावरच्या ड्रायव्हरला ठाण्यात उभं केलं, गाडी हाच चालवत होता म्हणून. तीन आठवड्यांनी मित्र स्वतः ठाण्यात गेला आणि खरं सांगून आला. आता तो तिघांपुढे रडतो, माफी मागतो आणि ‘तुम्हीही जबाब द्या’ म्हणतो. एकाने त्याचा नंबर ब्लॉक केला आहे. पत्र लिहिणारा विचारतो: ‘त्याने जबाबदारी घेतली आहे. आता मी त्याला माफ करावं की नाही?’

मी मोटार अपघात दाव्यांची वकील आहे. बहुतेक वेळा मयताच्या घरच्यांच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे माझं उत्तर तिकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मित्र कसा खचला आहे, त्याची झोप कशी उडाली आहे, यावर पाऊण पान आहे. ज्याने गुन्हा अंगावर घेतला त्या ड्रायव्हरवर अर्धी ओळ. आणि जो गेला त्याच्या घरी बायको, दोन मुलं आणि आई आहे, वय ३४ होतं, कंत्राटी कामगार होता, महिना पंधरा हजार मिळत होते, हे सगळं अगदी शेवटी, ताज्या कलमासारखं. यात तुम्हाला टोचायचा हेतू नाही. मित्र रोज डोळ्यांसमोर असतो, ती बाई नसते, त्यामुळे सगळेच असं लिहितात. पण माफीचा विचार करायला बसलात तर हा क्रम आधी उलटा करावा लागेल.

त्या माणसाच्या मरणाबद्दल माफ करणं तुमच्या हातात नाही. कायदासुद्धा ते एकट्या विधवेच्या हातात देत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा तडजोडीने मिटवता येण्यासारख्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. वारसांनी ‘आमची काही तक्रार नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलं तरी खटला आपोआप संपत नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच: त्याने तुम्हा तिघांचा जीव धोक्यात घातला आणि तीन आठवडे तुम्हाला एका खोट्याचे भागीदार करून ठेवलं. ते माफ करायचं तर खुशाल करा. त्याला माझी काहीच हरकत नाही.

पण पत्रातलं ‘जबाबदारी घेतली आहे’ हे वाक्य मला पटलेलं नाही.

ठाण्यात जाऊन खरं सांगणं ही लहान गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचं वजन किती, ते समजून घ्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं २५ वं कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३ वं आहे. ही तरतूद चांगली आहे, मारहाण करून कबुली काढण्याला तीच आळा घालते. पण तिचा अर्थ असाही होतो की तुमचा मित्र उद्या कोर्टात सरळ म्हणू शकतो, ‘मी असं काही बोललोच नाही.’ परतीचं दार अजून उघडं आहे. कबुली टिकायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १८३ खाली व्हावी लागते. तिथे दंडाधिकारी आधी बजावतात, की बोलायची सक्ती नाही आणि बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. एवढं ऐकूनही जो बोलतो, त्याचं बोलणं मी जबाबदारीच्या खात्यात धरते.

शिवाय तीन आठवड्यांत बरंच काही निसटून गेलं आहे. वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा. ते रक्त त्याच रात्री, काही तासांत घ्यावं लागतं. सकाळी तपासणी झाली असेल तर ती शुद्धीवरच्या ड्रायव्हरची. म्हणजे दारूचा पुरावा आता उरला तो माणसांच्या तोंडीच. रात्री घर गाठायचं आणि सकाळी वकिलासोबत किंवा भलत्याच माणसाला पुढे करून ठाण्यात जायचं, ही पद्धत त्याचसाठी पडली आहे.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण इंजिनिअर गेले, ते प्रकरण आठवत असेल. लोकांच्या लक्षात राहिला तो ३०० शब्दांचा निबंध. मला त्यातले पुढचे आरोप जास्त ओळखीचे वाटले: रक्ताचे नमुने बदलले, आणि घरच्या ड्रायव्हरला ‘गाडी मीच चालवत होतो असं सांग’ म्हणून दडपलं. ते आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत, त्यामुळे मी अधिक बोलत नाही. पण ड्रायव्हर पुढे करण्याची चाल जिल्हा न्यायालयाच्या आवारात कोणालाही नवी नाही.

ही चाल का खेळतात? बाहेरच्या लोकांना वाटतं, तुरुंग टाळायला. तेवढंच कारण असतं तर फारशी गरज पडली नसती. निष्काळजीपणाने मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षं आहे, गुन्हा जामीनपात्र आहे, आणि प्रत्यक्षात शिक्षा बरीच कमी होते. (पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं १०६(२) आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर रस्ते अडवले ते त्याच्यासाठी, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळूनच.) हो, दारूचा पुरावा भक्कम असेल तर पोलीस १०५, म्हणजे सदोष मनुष्यवधाचं कलम, लावू शकतात. मग जामीन अवघड आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले, त्या खटल्यात सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. ती होती तीन वर्षं.

खरी भीती पैशांची असते. तुमच्याच पत्रातले आकडे घेऊन हिशेब मांडते, भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणात तो असाच होतो. महिना १५,०००, वर्षाचे १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. घरात अवलंबून चार माणसं, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; चौतिसाव्या वर्षाला तो १६. झाले ३० लाख २४ हजार. त्यावर सहवास गमावल्याचे, अंत्यविधीचे वगैरे दोनेक लाख, आणि अर्ज केल्या तारखेपासून व्याज. चालक शुद्धीत आणि लायसन्सवाला असेल तर ही सगळी रक्कम विमा कंपनी भरते. चालक प्यायलेला होता हे सिद्ध झालं तर कंपनी हात वर करते. मयताच्या घरच्यांचे हाल होऊ नयेत म्हणून कोर्टं पुष्कळदा कंपनीला सांगतात, ‘आधी भरा, मग गाडीमालकाकडून वसूल करा.’ म्हणजे शेतावरचा ड्रायव्हर ठाण्यात उभा राहिला तेव्हा तुमच्या मित्राचे तीस-बत्तीस लाख वाचत होते. आणि तो खरं बोलला तेव्हा ते पुन्हा त्याच्या मानेवर बसले. हे त्याला माहीत होतं का, ते त्याला विचारा. माहीत असून गेला असेल तर त्या पोराला मी मानेन.

पुढचं विचारताना अवघडल्यासारखं होईल, तरी विचारा: तो ठाण्यात गेला ती तारीख कोणती, आणि पोलिसांनी टोलनाक्याचं फुटेज मागवलं ती कोणती? नाक्यावरच्या कॅमेऱ्यात चालकाचा चेहरा दिसतो. सापडणार हे कळल्यावर आलेला आणि सापडण्याआधी आलेला यांत फरक आहे. मी मात्र त्या फरकाचा फार बाऊ करत नाही. भीतीने का होईना, आला. माणसाच्या मनात भीती आणि पश्चात्ताप एकत्रच कालवलेले असतात, आणि ते वेगळे काढत बसण्याइतका वेळ कोर्टाकडेही नसतो. तारीख विचारायची ती एवढ्याचसाठी, की तो तुमच्याशी खरं बोलतो की नाही ते कळेल.

आता माझ्या कामाचं. न्यायाधिकरणात दावा दाखल झाला की गाडीमालकाला नोटीस जाते आणि तो लेखी कैफियत देतो. या कैफियतीतली वाक्यं मला तोंडपाठ आहेत. ‘मयत हा भरधाव वेगाने, राँग साइडने, हेल्मेट न घालता, अचानक जाबदाराच्या वाहनासमोर आला. सबब अपघातास मयत स्वतःच जबाबदार आहे.’ वकिलाच्या कॉम्प्युटरवर हा मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि गाडीचा नंबर बदलायचा. मग विधवा साक्षीला उभी राहते. उलटतपासात तिला विचारतात, ‘तुमचे पती दारू पीत होते, हे खरं आहे का?’ ती नाही म्हणते. ‘त्या रात्री ते कामावर गेलेच नव्हते, असं मी म्हणतो.’ ती खाली बघते. ‘अपघात झाला तेव्हा तुम्ही तिथे नव्हता, त्यामुळे चूक कोणाची हे तुम्ही सांगू शकत नाही, बरोबर?’ बरोबर, म्हणते बिचारी. टंकलेखकाच्या खुर्चीमागे चार पावलांवर गाडीमालक हात बांधून उभा असतो. असे लोक घरी, मित्रांत रडले नसतील का? पुष्कळजण रडले असतील. काहींनी देवाला नवस बोलले असतील. पण आपल्या सहीच्या कागदात काय लिहिलं आहे ते त्यांनी वाचलेलं नसतं, किंवा वाचून सोडून दिलेलं असतं.

म्हणून तुमचा मित्र बदलला की नाही हे बघायचं असेल तर त्याची कैफियत वाचा. त्यात मेलेल्या माणसावर दोष ढकलला आहे का, एवढंच बघा.

इथे एक गल्लत होऊ शकते. गप्प राहण्याचा हक्क त्याला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. त्याचा वकील त्याला ‘तोंड उघडू नकोस’ म्हणणार, आणि त्या वकिलाच्या जागी मी असते तर मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं असतं. फौजदारी खटल्यात ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणून सरकारला पुरावा द्यायला लावणं, यात बेइमानी नाही. गप्प राहणारा आरोपी मी समजू शकते. मेलेल्याच्या तोंडाला दारूचा वास लावणारा मला चालत नाही, आणि अशा माणसाला माफ करा असं मी कोणालाही सांगणार नाही.

त्याला खरंच पुढे जायचं असेल तर वाट आहे. गुन्हा १०६(१) चाच राहिला तर आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत तो प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा आणि भरपाई बोलणीने ठरवण्याचा, अर्ज करू शकतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना ही सोय २००६ पासून आहे, वापरतात मात्र फार थोडे. मला ती आवडते याचं कारण, त्या बैठकीत सरकारी वकील, तपासी अधिकारी आणि आरोपी यांच्याबरोबर पीडितांनाही बोलावतात. भरपाई किती, कधी, आणखी काय, यावर त्या बाईला तिथे बोलता येतं. एरवी अख्ख्या खटल्यात तिला ‘तुम्ही तिथे नव्हता’ एवढंच ऐकावं लागतं.

मात्र तो आत्ताच फुलं घेऊन तिच्या दारात जाणार असेल तर त्याला अडवा. पत्रात तुम्ही तसं सुचवलं आहे. ती उद्या दाव्यात साक्ष देणार आहे. आरोपी तिच्या घरी गेला, सरपंचाला मध्ये घालून पाकीट पुढे केलं, तर त्याला साक्षीदारावर दबाव म्हणतात, आणि ते खरंही असतं. घरात सासू रडते आहे, गावातली चार मोठी माणसं समोर बसली आहेत, तेव्हा ‘जाऊ द्या’ म्हणण्यावाचून त्या बाईला दुसरं काय सुचणार? तिच्या वकिलामार्फत निरोप द्यावा: भेटायची इच्छा आहे, तुमची असेल तर. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजावं. दोन वर्षांनी आलं तर दोन वर्षांनी जावं.

आता त्या अर्ध्या ओळीतल्या माणसाविषयी. मामांच्या शेतावर नोकरी करणारा ड्रायव्हर, मालक सांगतो म्हणून ठाण्यात गेला. पैसे मिळाले असतील, नसतीलही. आता तुमचा मित्र खरं बोलल्यामुळे त्याच्यावरच पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागू शकतो. मित्राला ‘हिंमतवान’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. ड्रायव्हरचं लायसन्स गेलं तर त्याची रोजीरोटी जाते, आणि त्याला कोणी हिंमतवान म्हणणार नाही. मित्राने दंडाधिकाऱ्यापुढे हेही सांगायला हवं की ड्रायव्हरला कोणी, कसं उभं केलं. त्यात मामांचं नाव येणार. या प्रकरणात सगळ्यांत जड जाईल ते हेच, असा माझा अंदाज आहे. तीस लाख एकदाचे द्यायचे असतात, मामा जन्मभर असतात. ड्रायव्हरला वेगळा वकील लागेल, त्याची फी मित्राने द्यावी, आणि ती मामांच्या हातून देऊ नये.

आणि आता तुम्ही. मित्र कैफियतीत ‘गाडी मीच चालवत होतो, चूक माझी’ असं लिहून मोकळा झाला तरी काम संपत नाही. विमा कंपनीचा वकील उठून म्हणेल, हे संगनमत आहे. मालक आणि अर्जदार मिळून कंपनीला लुटताहेत, आधी एक ड्रायव्हर सांगितला, आता दुसरा. कंपनीचा संशय अगदीच वावगा नसतो, असे बनाव होतातही. मग चालक कोण होता यावरच वर्ष दोन वर्षं जातात, आणि तोवर त्या घरात एक रुपया पोचत नाही. त्याच्या कबुलीला आधार द्यायला गाडीत बसलेल्यांचे जबाब लागतात. तुम्ही तिघं. तुम्ही स्वतःला माफी देणारे समजून बसला आहात. मला तुम्ही साक्षीदार दिसता.

तुमचा वकील मात्र मित्राच्या वकिलापेक्षा वेगळा ठेवा. त्या तीन आठवड्यांत पोलिसांनी तुम्हाला विचारलं होतं का, आणि तुम्ही काय सांगितलं, हे पत्रात नाही. खोटं सांगितलं असेल तर आधी त्या वकिलाला सांगा, मग पुढचं पाऊल. मयताच्या घरच्यांना दावा दाखल करायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. चुकीच्या ड्रायव्हरच्या नावाने त्यांचे कागद तयार होत असतील तर तुमचा प्रत्येक गप्प दिवस त्यांना महाग पडतो आहे.

मैत्रीचं विचाराल तर, माफ न करताही मैत्री ठेवता येते. तुरुंगात मुलाखतीच्या दिवशी जाणारे मित्र मी पाहिले आहेत. कपडे, साबण देतात, जाळीपलीकडे उभं राहून घरची खबर सांगतात. त्यांतल्या कितीजणांनी मनातून माफ केलं असेल कोण जाणे. ज्याने नंबर ब्लॉक केला आहे त्याला समजवायला जाऊ नका. तो तुमच्यापेक्षा कठोर आहे असं नाही. त्याला त्या रात्रीची स्वतःची आठवणही नकोशी असेल. त्याच्याकडून एवढंच मागा, की मित्राशी बोलू नकोस हवं तर, पण जबाब दे.

जबाबाला जाल तेव्हा लक्षात ठेवा, पोलिसांपुढच्या जबाबावर तुमची सही घ्यायची नसते. कोणी मागितली तर देऊ नका. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा आणि ‘थोडीशी घेतली होती’ असं लिहिलं असेल तर किती, कधीपासून, बिल कोणी दिलं, ते नीट लिहायला लावा. मग तपासी अधिकाऱ्याला सांगून तोच जबाब दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर द्या. साक्ष निघेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातील. तोवर कोणाचं लग्न झालेलं असेल, कोणी परदेशात असेल, मामा घरी येऊन बसलेले असतील, आणि त्या वेळी फितूर व्हायचा मोह तुम्हालाही होईल.